रुक्सोलिटिनिब घरी देताना काय सांभाळावे

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) रुग्णाची त्वचा, आतडे आणि यकृत परके समजून त्यांच्यावर हल्ला करू लागल्या, तर त्या विकाराला जीव्हीएचडी म्हणतात. पहिला उपचार स्टेरॉइडचा असतो. तो लागू पडला नाही, तर अनेकदा रुक्सोलिटिनिबच्या गोळ्या सुरू होतात. गोळी देणाऱ्याने आधी तिचे काम समजून घ्यावे, कारण पुढची सगळी पथ्ये त्यातूनच निघतात.

वाढण्याचा आणि चाल करून जाण्याचा निरोप टी-पेशींपर्यंत सायटोकाइन ही निरोप्या प्रथिने आणतात; पेशीच्या आत तो पुढे नेणाऱ्या प्रथिनांपैकी जेएके१ आणि जेएके२ या दोघांना ही गोळी अडवते. त्यामुळे दात्याच्या पेशी सरसकट नष्ट होत नाहीत, त्यांचा जोर ओसरतो. उंदरांवरील प्रयोगांत तर हल्ल्याला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींचे प्रमाण वाढलेले आढळले. स्टेरॉइड निष्फळ ठरलेल्या तीव्र जीव्हीएचडीच्या रुग्णांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८व्या दिवशी ६२ टक्के रुग्णांना गुण आला. इतर उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

औषध रक्तातून काही तासांतच ओसरते, म्हणून गोळी सहसा दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी द्यावी. एखादी वेळ चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये.

रक्ततपासणी मात्र एकदाही टाळू नये. तांबड्या पेशी आणि रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट तयार करण्याचा निरोपही जेएके२ मधूनच जातो, त्यामुळे दोन्ही घटू शकतात. हिरड्यांतून रक्त येणे किंवा अंगावर बारीक लाल ठिपके उठणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पेशीही याच औषधाने मंदावतात. म्हणून ३८ अंश सेल्सिअसचा ताप घरच्या गोळीने दाबून सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालयात फोन करावा. प्रतिकारशक्ती मंदावली की डोके वर काढू शकणाऱ्या सीएमव्ही (सायटोमेगॅलो) विषाणूची तपासणीही ठरल्याप्रमाणे करून घ्यावी.

इतर औषधांची यादी प्रत्येक भेटीत दाखवावी. बुरशीवरील फ्लुकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल चालू असेल, तर रुक्सोलिटिनिबचे रक्तातील प्रमाण वाढते आणि मात्रा कमी करावी लागू शकते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ते उलट बरेच घटते. ग्रेपफ्रूट वर्ज्य समजावे, आणि त्याच कुळातले पपनसही टाळलेले बरे.

पुरळ गेले, जुलाब थांबले, म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. निरोपाची वाट मोकळी झाली की दात्याच्या पेशी पुन्हा उसळू शकतात. म्हणूनच डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने, कित्येक आठवड्यांच्या अंतराने उतरवतात.