तीन सर्व्हर, एक सामाईक व्हॉल्यूम: ग्लस्टर-एफएस कसे उभारावे

क्लस्टरमधल्या सगळ्या सर्व्हरना एकच फोल्डर दिसावा आणि एखादे मशीन बसले तरी काम अडू नये, यासाठी ग्लस्टर-एफएस, म्हणजे अनेक मशीनच्या डिस्क जोडून एकच सामाईक साठा (व्हॉल्यूम) बनवणारी फाइल सिस्टिम, हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. मशीन मात्र तीन घ्या, म्हणजे प्रत्येकावर फायलींची एक प्रत राहील. दोन प्रतींवर भागवायचा मोह होतो. पण मधले नेटवर्क तुटले की दोन्हीकडे तीच फाइल वेगवेगळी बदलू शकते आणि खरी कोणती, हे ठरवायला तिसरा कोणी नसतो. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. डिस्क वाचवायची असेल तर तिसऱ्या मशीनवर आर्बिटर ठेवा. तो फायलींची नावे आणि नोंदी ठेवतो, मजकूर नाही. निवाड्याला तेवढे पुरते.

१. प्रत्येक मशीनवर वेगळी डिस्क एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करून माउंट करा (एका फोल्डरला जोडा) आणि तिच्या आत एक उपफोल्डर बनवा. हाच ब्रिक. रीबूटनंतर डिस्क माउंट झाली नाही तर उपफोल्डर सापडतच नाही, त्यामुळे डेटा गुपचूप सिस्टिमच्या डिस्कवर साठत नाही.

२. फायरवॉलमध्ये ग्लस्टरच्या व्यवस्थापनासाठी २४००७ आणि ब्रिकसाठी ४९१५२ पासून पुढचे पोर्ट उघडा, तेही फक्त क्लस्टर आणि क्लायंटपुरते (क्लायंट म्हणजे व्हॉल्यूम वापरणारे मशीन). एका मशीनवरून बाकी दोघांना ‘पीअर प्रोब’ करा, म्हणजे ती क्लस्टरमध्ये जोडली जातील.

३. ‘रेप्लिका ३’ (तीन प्रती) देऊन व्हॉल्यूम तयार करा, मग स्टार्ट करा. ‘फोर्स’ वापरा असा इशारा आला तर थांबा. बहुधा ब्रिक चुकीच्या डिस्कवर आहे.

४. क्लायंटवर माउंट करताना पर्यायी सर्व्हरची नावेही द्या. पहिला सर्व्हर व्हॉल्यूमची रचना तेवढी सांगतो, पुढे क्लायंट सगळ्या ब्रिकशी थेट बोलतो. पण माउंटच्या वेळी तोच बंद असेल तर गाडी तिथेच अडते. लिहिताना क्लायंट तिन्ही प्रती स्वतः पाठवतो, म्हणून त्याचे नेटवर्क दणकट हवे.

५. आता एका मशीनची केबल काढून पाहा. क्लायंट काही काळ गोठल्यासारखा वाटेल. मूळ सेटिंगमध्ये ही वाट पाहण्याची मर्यादा ४२ सेकंद आहे. नंतर लिहिणे पुन्हा सुरू होते. केबल जोडून ‘हील इन्फो’ ही आज्ञा देऊन पाहत राहा, मागे पडलेल्या प्रतीत अजून दुरुस्त व्हायच्या फायलींच्या नोंदी कमी होत शून्यावर येतात. त्याआधी दुसऱ्या मशीनला देखभालीसाठी हात लावू नका.

ब्रिकच्या फोल्डरमध्ये थेट काहीही लिहू किंवा पुसू नका, सगळे माउंटमधूनच. आणि बॅकअप वेगळा घ्या: माउंटमधून चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून जाते.