ब्रेस्ट कॅन्सर आणि ग्रुप थेरपी: या चुका टाळा

ग्रुप थेरपीने, म्हणजे पेशंट बायकांनी एकत्र बसून तज्ज्ञासमोर मन मोकळं करण्याने, आयुष्य दुप्पट होतं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. हे आलं कुठून, तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या 1989 च्या अभ्यासातून, कॅन्सर शरीरात पसरलेल्या 86 बायका होत्या, त्यातल्या 50 जणींना वर्षभर दर आठवड्याला दीड तासाचा ग्रुप दिला, त्या सरासरी 36.6 महिने जगल्या आणि बाकीच्या 18.9. आकडा भारीच आहे, पण लोक इथेच थांबतात. 2001 मध्ये कॅनडातल्या 235 जणींचा अभ्यास आला, पद्धत तीच, ग्रुपमधल्या 17.9 महिने जगल्या आणि बाकीच्या 17.6, म्हणजे फरक नाहीच. 2007 मध्ये खुद्द स्पीगल यांनी 125 जणींवर परत करून बघितलं तर एकूणात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, आणि त्यांनी ते जसंच्या तसं छापलं, याला मात्र दाद द्यायला हवी.

मग जायचंच कशाला, असं म्हणून विषय बंद करणं ही दुसरी चूक. त्याच कॅनडाच्या अभ्यासात ग्रुपमधल्या बायकांना दुखणं कमी जाणवलं, मनही सावरलं, विशेषतः ज्या आधीच जास्त खचलेल्या होत्या त्यांचं.

सगळ्यात वाईट चूक घरचे करतात. "तू पॉझिटिव्ह राहत नाहीस, म्हणून परत वाढलं." अरे, काय बोलतोय आपण! या ग्रुपमध्ये खंबीर राहण्याची प्रॅक्टिस नसते, उलट मरणाची भीती, मुलांचं काय होणार, नवऱ्याशी तुटलेलं बोलणं, हे सगळं तिथे उघड बोलतात. त्यामुळे सोबत म्हणून सासूबाईंना शेजारी बसवू नका, पेशंट बाई बोलणार कशी?

ती नुसतीच ऐकत बसत असेल तर बसू द्या, मागे लागू नका. आजार पसरलेल्या बाईला नुकतंच निदान झालेल्यांच्या ग्रुपमध्ये एकटं वाटू शकतं, तसं झालं तर आपल्यासारख्यांचा ग्रुप मागून घ्या. ग्रुपमधली कुणी वारली आणि चालवणाऱ्यांनी विषयच बदलला तर त्यांना स्पष्ट विचारा. आणि केमो सोडून काढा घ्या सांगणारा ग्रुप असेल तर सरळ उठून या.

व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंग आणि रिपोर्टचे फोटो टाकणं म्हणजे ग्रुप थेरपी नव्हे हं, इथे ग्रुप चालवायला याचं शिक्षण घेतलेला माणूस लागतो. झोप उडालीये, जगावंसंच वाटत नाही असं ती म्हणाली तर पुढच्या मीटिंगची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.