देशांच्या आघाड्यांवर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

लातूरच्या अभ्यासिकेत मी पोरांचे सराव पेपर तपासतो. ‘नाटोच्या एका देशावर हल्ला झाला की बाकीच्यांना युद्धात उतरावंच लागतं’ हे वाक्य हमखास सापडतं, तेही ठळक अक्षरात. नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी. तिच्या करारातलं कलम 5 पूर्ण वाचा, बाबांनो. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, इथवर बरोबर. पुढं प्रत्येकानं ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करायची आहे. सैन्य धाडायचं की नुसती रसद, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. 1949 पासून हे कलम एकदाच लागू झालं, 2001 मध्ये, तेही अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर.

‘सर, पण अमेरिका म्हणेल तेच होतंय की!’ पैसा आणि फौज पाहिली तर पोरगं चूक नाही. पण नाटोत मतदान नसतं, सगळ्यांची संमती लागते. 2022 मध्ये अर्ज केलेल्या स्वीडनला तुर्किये आणि हंगेरीनं अडवून धरलं. आत यायला मार्च 2024 उजाडला. सत्ता कुणाकडे हे लिहिताना कुणाच्या नकारानं काम अडतं, ते आधी शोधा.

सगळीकडे एक देश एक मत, हीसुद्धा चूक. आपल्या सहकारी कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत उलटं: जितका कोटा, म्हणजे देशाचा पैशातला वाटा मोठा, तितकी मतं जास्त. मोठ्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त आहेत. करा हिशोब: अमेरिका नको म्हणाली, तर बाकी सगळे मिळूनही 85 भरत नाहीत.

देश आघाडीत का जातात? ‘मैत्री व सहकार्यासाठी’ एवढ्यावर मार्क मिळत नाहीत. उदाहरण घरचंच घ्या, मराठवाडा ज्याच्या राज्यात होता त्या निजामाचं. 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी त्याला हरवलं, तेव्हा इंग्रज बाजूला राहिले. तरी 1798 मध्ये त्यानं त्यांचीच तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चानं पोसायची इंग्रजांची फौज, घेतली; मराठ्यांची धास्ती होती ना. बदल्यात फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची स्वतःची पलटण मोडावी लागली, आणि 1800 मध्ये फौजेच्या खर्चापोटी बळ्ळारी-कडप्प्याकडचा मुलूखही गेला. तहात मित्र म्हणवणाऱ्या निजामाला त्यानंतर इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणीही करता येईनात.