ध्रुवतारा एकवीस अंशांवर: नागपुरातून दीर्घिका आणि तेजोमेघांचे फोटो

देवयानी दीर्घिका, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ यांचे फोटो काढायला दुर्बीण लागतेच असं नाही. जुना डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, १३५ मिमीची लेन्स, भक्कम ट्रायपॉड आणि आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर एवढं पुरतं. एपीएस-सी (बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये असतो त्या आकाराच्या) सेन्सरवर ही लेन्स साधारण १० अंश रुंद आणि साडेसहा अंश उंच आकाश टिपते. देवयानी दीर्घिका ३ अंश लांब, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत एवढी आहे, ती त्यात ऐसपैस बसते.

नागपूरकरांना खरी टंचाई असते ती रात्रींची. जून ते सप्टेंबर ढग. अश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन, पुढचे चार-पाच दिवस फटाक्यांचा धूर. एप्रिल-मे महिन्यांत रात्रीसुद्धा सेन्सर तापलेला असतो. उरतात कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ या चार अमावास्या. म्हणून काळोख्या जागी जाण्याआधी प्रत्येक चूक घरच्या गच्चीवर करून घ्यायची. पेंचला पोचल्यावर केबल सापडत नाही किंवा ध्रुवतारा पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरवरच्या ध्रुव साधायच्या छोट्या दुर्बिणीत) येत नाही म्हणून दोन तास गेले, तर ते पुढच्या महिन्यापर्यंत भरून निघत नाहीत.

तारीख ठरवताना घरातलं पंचांग बघा. वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, तोवरचा वेळ तुमचा. शुद्ध तृतीया-चतुर्थीचा चंद्र हिवाळ्यात नऊच्या सुमारास मावळतो, त्यानंतरची रात्र तुमची. वद्य एकादशी ते शुद्ध द्वितीया हा सगळ्यात चांगला पट्टा.

गच्ची: मांडणी आणि ध्रुव साधणं

ट्रायपॉड स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. कोणी जिना चढून आलं तरी स्लॅब हलतो आणि १३५ मिमीला ते ताऱ्याच्या शेपटीत दिसतं. खालचा कॉलम जिथे वर येतो तो कोपरा धरा. पाण्याची मोटर त्या वेळात चालू होणार नाही हे घरात सांगून ठेवा. पाय थोडेच उघडायचे, मधला दांडा अजिबात वर काढायचा नाही, ट्रायपॉडच्या खालच्या हुकाला पाण्याची भरलेली बाटली टांगायची, पण ती झुलता कामा नये.

आता मुख्य काम. ट्रॅकरचा आस आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखला गेला पाहिजे. नागपूरचे अक्षांश २१.१५, म्हणून ध्रुव क्षितिजापासून २१ अंश वर. हात लांब करून मूठ धरली तर साधारण १० अंश होतात, म्हणजे दोन मुठींच्या जेमतेम वर. इतक्या खाली शेजारची इमारत, टाकी, कडुनिंब, काहीही आड येतं. त्यातून शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत, त्यामुळे ती दिशा धुरकट आणि उजळ असते. ध्रुवतारा दिसेल असा कोपरा दिवसा हेरून ठेवा: उत्तरेकडे तोंड करा, दोन मुठी मोजा, तिथे आकाश आहे का बघा.

ट्रॅकरच्या उंचीच्या पट्टीवर २१ लावा, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणा, मग ट्रॅकर उत्तरेकडे वळवा. नागपुरात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशापेक्षा कमी फरक आहे, तेव्हा ती दुरुस्ती विसरली तरी चालते. पण स्लॅबमधल्या सळ्या आणि लोखंडी जिना होकायंत्राला सहज ५-१० अंश भरकटवतात. फोन स्लॅबवर ठेवून दिशा घेऊ नका. छातीच्या उंचीवर धरा, दोन पावलं सरकून पुन्हा बघा, आकडा बदलला तर त्यावर विश्वास नको.

पोलर स्कोपमध्ये ध्रुवतारा वर्तुळाच्या मधोमध आणायचा नसतो. तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे ०.६ अंश दूर आहे. फोनवरचं पोलर ॲप त्या क्षणी तो घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर असावा हे सांगतं, तिथेच बसवा. हा आग्रह कशासाठी, ते हिशेबाने बघा. आस १ अंश चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १५.७ आर्कसेकंद सरकतो (एका अंशात ६० आर्कमिनिटं, एका आर्कमिनिटात ६० आर्कसेकंद). ३.९ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १३५ मिमीची लेन्स म्हणजे एका पिक्सेलमागे ६ आर्कसेकंद. ध्रुवतारा नुसता मध्यात ठेवला तर एका मिनिटात दीड पिक्सेलहून जास्त घसरण होते, तारे अंडाकृती दिसू लागतात. चूक १० आर्कमिनिटांच्या आत आणली तर तीच घसरण अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी. म्हणजे अतिसूक्ष्मतेची गरज नाही, पण ‘चालून जाईल’ म्हणूनही भागत नाही.

कॅमेरा चढवल्यावर वजनाने ट्रॅकर थोडा वाकतो. म्हणून कॅमेरा, लेन्स, काउंटरवेट (तोल साधणारं वजन) सगळं लावून झाल्यावर स्कोपमध्ये पुन्हा बघा. हे न करणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक.

ध्रुवतारा दिसतच नसेल तर घसरण बघून आस लावता येतो. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहेत. ते दक्षिणेला सर्वांत उंच आले असताना एक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या थेट चित्रात) मोठा करून पाच मिनिटं बघा. पूर्व-पश्चिम हालचाल सोडून द्या. तारा दक्षिणेकडे सरकला तर आस पूर्वेकडे झुकलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेकडे. दिशा सुधारली की पूर्वेला खाली असलेला एखादा तारा घ्या: दक्षिणेकडे सरकला तर आस खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. दोन्ही दोनदा करायचं, कारण एक सुधारताना दुसरं किंचित बिघडतं.

मोठं इक्वेटोरियल माउंट (ट्रॅकरसारखाच, पण दुर्बीण पेलणारा भारी आधार) वापरणाऱ्यांना आपल्या अक्षांशाची आणखी एक अडचण येते. आस इतका आडवा असतो की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. वजन दांड्यावर जमेल तेवढं वर सरकवा, किंवा माउंटचं डोकं ट्रायपॉडवर ६० अंश फिरवून उत्तर दिशा दोन पायांच्या मध्ये येऊ द्या. काम सुरू करण्याआधी मोटर बंद ठेवून हाताने पूर्ण फेरी मारून बघा.

फोकस

लेन्सवरची अनंताची खूण भरवशाची नसते. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन बंद करा. रोहिणी किंवा व्याधासारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करून रिंग अगदी हळू फिरवा. तारा आधी फुग्यासारखा दिसतो, मग आवळत टिंब होतो आणि पुढे गेलं की पुन्हा फुगतो. टिंबाच्या एका बाजूला कडा जांभळट-लाल होते, दुसऱ्या बाजूला हिरवट. दोन्ही रंग जिथे नाहीसे होतात ती जागा. शेजारचे फिके तारे तिथे अचानक दिसायला लागतात, ही आणखी पक्की खूण. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी लावून टाका. रात्र थंडावली की फोकस सरकतो, म्हणून दर तासाने आणि लक्ष्य बदलताना तपासा. लेन्स एफ २.८ ची असेल तर एफ ४ वर ठेवा, कोपऱ्यांतले तारे बरेच सुधारतात.

एक्स्पोजर

रॉ फाइल, मॅन्युअल मोड, आयएसओ ८०० किंवा १६००. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ वाया जातो. हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला आणि चौथ्या हिश्शाच्या आसपास हवा. गच्चीवर हे २०-३० सेकंदांतच होतं, पेंचला ६० ते ९० सेकंद लागतात. एका लक्ष्याचे असे बरेच फोटो काढून ते नंतर एकावर एक जोडायचे असतात. त्यासाठी इंटरव्हॅलोमीटरवर (आपोआप एकामागून एक फोटो काढणाऱ्या रिमोटवर) दोन फोटोंमध्ये ३-४ सेकंदांचं अंतर ठेवा.

शहर आणि जंगल यांतला फरक उपकरणांनी मिटत नाही. शहराचं आकाश ३ मॅग्निट्यूडने (ताऱ्यांचं तेज मोजायच्या प्रतीने) उजळ असेल तर पार्श्वभूमी १६ पट उजळ असते. काळोखात तासाभरात जे मिळतं त्यासाठी गच्चीवर सुमारे १६ तास गोळा करावे लागतात. एलईडी पथदिव्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी बनवलेले जुने फिल्टर आता फारसे कामाचे नाहीत. दीर्घिका आणि कृत्तिका यांना तर कोणताच फिल्टर तारत नाही, तो पैसा पेंचच्या फेऱ्यांवर घाला.

पहिल्याच फोटोवर तारे नीट बघा. सगळे तारे पूर्व-पश्चिम सारखे लांबलेले असतील तर ट्रॅकर चंद्राच्या किंवा सूर्याच्या वेगावर आहे, गोलार्धाचं बटण दक्षिणेवर आहे, किंवा क्लच सैल आहे. नागमोडी शेपूट म्हणजे वारा किंवा धक्का. फक्त कोपरे बिघडलेले असतील तर दोष लेन्सचा. काही फोटो चांगले आणि काही वाईट असं आलटून पालटून होत असेल तर ती दातेरी चाकांची चूक. एक्स्पोजर अर्धं करा आणि संख्या दुप्पट करा.

ट्रॅकर अजून घेतला नसेल तर ५० मिमी लेन्सवर ४ सेकंदांचे दोनशे-तीनशे फोटो काढा, दर काही मिनिटांनी लक्ष्य पुन्हा मध्यात आणा. कृत्तिका यातही सुरेख येतात.

पेंच की उमरेड

२०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेली जागा, ठरला. सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले पथदिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले गेले, वाघोडा तलावाजवळ आकाशदर्शनाची सोयही आहे. पण हा व्याघ्र प्रकल्प आहे. रात्री मुक्कामाच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि आवारातला कोणता मोकळा भाग वापरता येईल, कोणते दिवे बंद करता येतील, हे आरक्षण करतानाच विचारायचं.

पेंच शहराच्या उत्तरेला, म्हणून नागपूरची आभा तिथे दक्षिण क्षितिजावर येते. देवयानी, कृत्तिका, सप्तर्षीतल्या दीर्घिका यांना त्याचा त्रास नाही. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ मात्र इथून जेमतेम २१ अंश वर येतो. अशा दक्षिणेच्या लक्ष्यांसाठी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याची बाजू बरी, कारण तिथून शहर वायव्येला राहतं. उमरेडच्या कोळसा खाणींचे दिवे पाठीशी येतील अशी जागा निवडा.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्ण अंधार सातच्या सुमारास होतो. सात ते नऊ देवयानी, साडेनऊ ते साडेअकरा कृत्तिका, नंतर मृगातला तेजोमेघ हा क्रम धरला तर तिन्ही आपापल्या सर्वोच्च जागेजवळ मिळतात. कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जातात, तेव्हा लेन्स ट्रायपॉडच्या पायाला लागणार नाही हे आधी बघा. मृगाच्या तेजोमेघाचा गाभा लांब एक्स्पोजरमध्ये पांढराफटक जळतो, म्हणून ५-१० सेकंदांचे वीसेक फोटो वेगळे घ्या आणि नंतर जोडा.

तलावाकाठी दहा वाजताच दव पडायला लागतं. ते लेन्सवर आलं की तारे हळूहळू धूसर होतात आणि फोकस गेलाय असं वाटतं. पुसू नका, ओरखडे येतील आणि मिनिटात पुन्हा साचेल. यूएसबीवर चालणारा ५ वॅटचा हीटरचा पट्टा लेन्सच्या पुढच्या काचेजवळ संध्याकाळीच गुंडाळा. १०,००० एमएएचची पॉवर बँक त्याला पाच-सहा तास पुरते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार थर लावा. गाडी आधीच बाहेर निघायच्या दिशेने उभी करा, म्हणजे लवकर जाणाऱ्याचे हेडलाइट कोणाच्या फोटोत शिरणार नाहीत.

दर पाच-सहा फोटोंनंतर फ्रेम किंचित, दहा-पंधरा पिक्सेल सरकवा. हे टाळलं तर जोडलेल्या फोटोत पावसाच्या सरींसारख्या तिरप्या रेषा उमटतात आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत.

डार्क, फ्लॅट, बायस

सेन्सर आणि लेन्स यांचे दोष नंतर फोटोंतून काढायला हे तीन प्रकारचे जादा फोटो लागतात, त्यासाठी आवरण्याआधी अर्धा तास राखून ठेवा. झाकण लावून त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांचे २०-३० डार्क, तिथेच आणि त्याच थंडीत. सेन्सरचा उष्ण गोंगाट साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. १२ अंशांच्या रात्रीचे फोटो आणि ३० अंशांच्या खोलीत काढलेले डार्क यांत आठपट फरक पडेल. फ्लॅटसाठी लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून बसवा, वर टॅबलेटची पांढरी स्क्रीन धरा, हिस्टोग्राम मधोमध येईल असे २५ फोटो घ्या. फोकस आणि ॲपर्चर हलता कामा नये. बायस म्हणजे झाकण लावून सर्वांत कमी वेळाचे ५० फोटो.

घरी सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. लाइट्स (lights, म्हणजे आकाशाचे फोटो), डार्क्स (darks), फ्लॅट्स (flats), बायसेस (biases) या नावांचे चार फोल्डर इंग्रजी लहान अक्षरांत करा, स्पेलिंग चुकलं तर स्क्रिप्ट पहिल्याच पायरीला थांबते. विमान गेलेले, हललेले, दव आलेले फोटो आधीच काढून टाका. जोडलेली प्रतिमा सुरुवातीला काळी दिसते, घाबरू नका, ऑटोस्ट्रेच (फिके भाग उजळवून दाखवणाऱ्या) दृश्यावर बघा. क्रम असा: कडा कापणं, पार्श्वभूमीचा उतार काढणं, रंग जुळवणं आणि सगळ्यात शेवटी स्ट्रेच. स्ट्रेच आधी केला तर शहराच्या बाजूची नारिंगी झाक चित्रात पक्की बसते. पार्श्वभूमी पूर्ण काळी करू नका, दीर्घिकेच्या बाहेरच्या फिक्या भुजा त्या करड्या रंगातच असतात.

मूळ रॉ फाइल्स आणि डार्क तारखेनिशी जपून ठेवा. पौष अमावास्येला त्याच लेन्सने घेतलेले दोन तास मार्गशीर्षातल्या दोन तासांत मिसळता येतात. त्या रात्रीचे फ्लॅट मात्र नव्याने काढावे लागतात.