रोममध्ये दोनच दिवस असतील तर

पहिल्याच खेपेला सगळं रोम बघायच्या फंदात पडू नका. एक दिवस कलोसियम आणि फोरमला (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष), दुसरा व्हॅटिकनला. तिकिटं घरूनच काढा. कलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, पण त्या दिवशी फुकट, म्हणजे गर्दी विचारूच नका). व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात. ओढणी कामी येते. ट्रेव्ही कारंजं, नव्होना चौक पायीच करा, तेही भल्या सकाळी.

आणि पाण्याच्या बाटल्या विकत कशाला? रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे बिडाचे नळ आहेत, पाणी पिण्याचं आणि गार. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून धार उडते. बाटली नसली तरी पिता येतं.