इंजिन बांधल्यावर गाडी थरथर करायलीय? परत खोलायच्या आधी हे बघा

माझी स्प्लेंडर. पेरणीच्या आधी फुल इंजिन (म्हणजे सगळं इंजिन खोलून परत बांधणं) करून घेतलं, गाडी आणली आणि दुसऱ्याच दिवशी लातूरहून औश्याला निघालो, जेमतेम वीस किलोमीटर, पण पन्नासच्या वर नेली की हँडलमधून अशी झिणझिण यायची की उतरल्यावर बोटं बधिर. आरशात मागचा ट्रक एकाचे दोन दिसायचे. मेस्त्री म्हणला रनिंग होऊ द्या मालक, बसंल आपोआप. सातशे किलोमीटर वाट बघितली, काही बसलं नाही. मग परत इंजिन खोललं, परत पॅकिंग किट, परत मजुरी, आणि आत सगळं बरोबर. निघालं काय तर मागचा खालचा फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन चेसीला धरून ठेवणारा. भोक जुळत नव्हतं म्हणून ठोकून बसवलेला, त्यामुळं इंजिन चेसीमध्ये तिरकं आवळलं गेलेलं. पाच मिनिटाचं काम होतं ते.

म्हणून सांगतो, आधी पाना हातात घ्यायचा नाही, आधी थरथर कुठून येतीय आणि कधी येतीय ते लिहून काढायचं. हँडलला येतीय का फुटरेस्टला का टाकीला? उभ्या गाडीवर पण येतीय का फक्त पळताना? ठराविक स्पीडलाच येऊन पुढं जातीय, का जसं ॲक्सिलेटर देताल तशी वाढतच जातीय? आरसा हे सगळ्यात स्वस्त मीटर आहे, कोणत्या स्पीडला मागचं चित्र फाटतंय तेवढं ध्यानात ठेवा, पुढं प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच स्पीडला आरसा बघायचा म्हणजे फरक पडला का नाही ते मनाचे खेळ राहत नाहीत.

आता मेन टेस्ट. सकाळी रिकाम्या रोडवर जा, ज्या स्पीडला थरथरते त्या स्पीडला आणा, क्लच दाबा आणि ॲक्सिलेटर सोडून द्या. गाडी तेवढ्याच स्पीडनं पळतीय पण इंजिन आयडलला आलंय. थरथर गेली तर भानगड इंजिनची किंवा इंजिनच्या बोल्टांची. तशीच राहिली तर इंजिनाला शिव्या देऊ नका, चाक, टायर, चेन, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) बघा, कारण इंजिन उतरवताना चेन निघते आणि बसवताना बऱ्याचदा लई ताठ केली जाते नाहीतर चाक वाकडं आवळलं जातं. दुसरी खूण म्हणजे गिअर. तिसऱ्या गिअरमध्ये 40 ला आणि चौथ्यात 55 ला थरथरत असंल, म्हणजे स्पीड वेगळा पण इंजिनचा आवाज तोच, तर इंजिन. गिअर कोणताबी असो, बरोबर 60 लाच येतीय, तर चाक नाहीतर चेन.

हाताला पण फरक कळतो. स्प्लेंडरसारख्या 18 इंची रिमचं मागचं चाक 60 च्या स्पीडला सेकंदाला नऊच्या आसपास फेरे मारतं. इंजिन 5400 आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) असंल तर क्रँक, म्हणजे पिस्टन वर-खाली झाला की फिरणारा इंजिनातला मेन दांडा, सेकंदाला 90 फेरे मारतो. म्हणून चाकाचा दोष असला तर हेलकावा बसल्यासारखं होतं, धक-धक-धक एकेक धक्का वेगळा कळंल असं, आणि इंजिनचा असला तर धक्के वेगळे कळत नाहीत, मुंग्या येतात. बैलगाडीत बसल्यासारखं वाटतंय का पिठाच्या गिरणीवर हात ठेवल्यासारखं, एवढंच बघायचं.

इंजिनवर संशय पक्का झाला तर पुढचा प्रश्न, काम हाफ इंजिन झालंय का फुल. हाफ इंजिनमध्ये ब्लॉक, पिस्टन, हेड एवढंच निघतं, क्रँकला कुणी हात लावलेला नसतो, मग काल बरा असलेला क्रँक आज एकदम कसा बिघडंल? तिथं बोल्ट, फायरिंग (पेट्रोल वेळेवर आणि नीट पेटतंय का) आणि पिस्टन एवढंच बघायचं. फुल इंजिन झालं असंल तर मात्र सगळेच संशयित.

बोल्टांपासून सुरू करा. हेडजवळच्या वरच्या पट्टीचा बोल्ट हाफ इंजिन करताना निघतो आणि तोच विसरला जातो, नाहीतर त्याचा वायसर दुसरीकडंच बसतो. गाडी आयडलला ठेवून एक बोट अर्धं इंजिनच्या कानावर (बोल्ट जातो त्या भोकाची कड) आणि अर्धं चेसीच्या पट्टीवर ठेवा (सायलेन्सर आणि चेनपासून लांब, तापलेल्या इंजिनला हात लावू नका राव). दोन्ही एकत्र हलायलेत तर ठीक, मधी घासल्यासारखं वाटलं तर तो जोड ढिला. जोडावर ऑइलचा एक थेंब सोडला तरी कळतं, जोड हलत असंल तर थेंब सारखा आत-बाहेर व्हायला लागतो. सगळे बोल्ट नुसते आवळायचे नाहीत. सगळे ढिले करा, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा किंवा जॅक लावून इतकं उचला की प्रत्येक बोल्ट बोटानं आत-बाहेर सरकला पाहिजे, मग सगळे हातानं लावून घ्या आणि शेवटी टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) कंपनीच्या आकड्याला आवळा. हातोडीनं जाणारा बोल्ट म्हणजे उद्याची थरथर. त्याच हाती चेसीच्या वेल्डिंगला चीर आहे का बघून घ्या, आणि सायलेन्सरचे बोल्ट पण, तो ढिला असला की सगळ्या गाडीला नाचवतो.

मग फायरिंग. आयडलला आणि कमी स्पीडला गाडी धक्के खात असंल, वर गेल्यावर गुळगुळीत होत असंल, तर ते व्हायब्रेशन नाही मिसिंग आहे, म्हणजे मधीमधी फायरिंग चुकतंय. प्लग काढून रंग बघा, कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या रबरातून हवा ओढायलीय का बघा. एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 गाडी असंल आणि इंजेक्शनवाली असंल तर एखाद्या सेन्सरचं कपलर (वायरचा जोड) लावायचं राहिलं का ते पण बघा, मीटरवर इंजिनचा दिवा सांगतोच. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर, मॅग्नेटची (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) टी खूण जुळवून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना फीलर गेजनंच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सेट करायचे, अंदाजानं नाही. टायमिंग चेन एक दात चुकली तर? समजा कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) स्प्रॉकेटला 30 दात आहेत, एक दात म्हणजे कॅम 12 डिग्री सरकला, आणि क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो म्हणजे क्रँकच्या हिशोबात 24 डिग्री. गाडी चालू होती पण दम नसतो, लवकर तापती, चढाला रडती. मॅग्नेटची अर्धचंद्राची छोटी चावी कापली गेली असंल तरी फायरिंगची वेळ बिघडती, मॅग्नेट पुलरनं न काढता ठोकून काढला असला की हे होतं.

पिस्टनचं एक लोक बघत नाहीत. जुना पिस्टन, पिन, रिंगा, लॉक सगळं एका पिशवीत आणि नव्याचं दुसऱ्या पिशवीत टाकून ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा (नवा बसवायच्या आधी, नंतर काय उपयोग). सिंगल सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या वजनाचा साधारण निम्मा हिस्साच क्रँकच्या वजनानं तोलला जातो, बाकी थरथर राहतेच, म्हणून अशा गाडीत एकदम शून्य व्हायब्रेशन कधीच मिळणार नाही. दोन-चार ग्रॅमचा फरक कळणार पण नाही, पण स्वस्तातलं किट जास्तच जड निघालं तर जुना तोल गेला.

ज्या गाड्यांना बॅलन्सर शाफ्ट (थरथर मारायला बसवलेला वजनाचा दांडा) आहे त्यात वेगळीच मजा. रॉयल एनफिल्डच्या जुन्या 350 ला तो नव्हता, 2020 च्या मिटिऑरपासूनच्या 350 ला आहे. हा शाफ्ट क्रँकच्याच स्पीडनं पण उलटा फिरतो, आणि त्याच्या गिअरवरची खूण क्रँकच्या खुणेला जुळलीच पाहिजे. दात चुकला की पहिल्या किकपासून गाडी हादरते आणि आरपीएमसोबत वाढतच जाते. कव्हर खोलून टीडीसीला, म्हणजे पिस्टन एकदम वर असताना, खुणा बघितल्याशिवाय याचा निकाल लागत नाही.

एवढं करून पण फरक नाही आणि फुल इंजिन झालेलं आहे, मग क्रँक. नवीन कनेक्टिंग किट (पिस्टन आणि क्रँक जोडणारी दांडी) घालताना क्रँकचे दोन पाट प्रेसवर उघडतात आणि परत दाबतात, दाबताना दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आले नाहीत की क्रँक भवऱ्यासारखा लडबडतो. इंजिन न खोलता बघायचं असंल तर मॅग्नेट काढा, प्लग काढा, क्रँकच्या टोकाला डायल (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं मीटर) टेकवा आणि हळूहळू फिरवा. इथं एक घोळ होतो, डायलचं स्टँड मॅग्नेटवालं असतं आणि इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं, ते चिकटतच नाही, म्हणून कव्हरच्या बोल्टांवर लोखंडी पट्टी आवळायची आणि स्टँड तिच्यावर. काटा शंभरातल्या दोन-तीन भागांएवढा, म्हणजे 0.02-0.03 मिलिमीटर हलला तर मी गप बसतो. 0.05 च्या पुढं गेला तर इंजिन उतरवायला लावतो, मेस्त्री काहीबी म्हणो.

प्रेसवाल्याकडं क्रँक नेला तर तिथंच थांबा. व्ही ब्लॉकवर (शाफ्ट टेकवायच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून दोन्ही टोकांचं रीडिंग तुमच्यासमोर दाखवायला सांगा, नुसतं "सेंटर केलंय" चालत नाही. नीट काम करणारा माणूस पितळी हातोडीनं टोला मारतो, परत फिरवतो, परत काटा बघतो, अर्धा तास जातो त्यात. ज्याला पाच मिनिटात होतं त्याच्याकडून क्रँक उचलून दुसरीकडं न्यायचा.

आणि रनिंगचं खरं किती? नव्या रिंगा घट्ट असतात, पहिले तीन-चारशे किलोमीटर थोडी खरखर असती, कमी होत जाती. पण कमी होत गेली पाहिजे. ठक-ठक आवाज, निघालेल्या ऑइलमध्ये चमचम बुकणी, किंवा जशीच्या तशी थरथर, या तिन्हीला रनिंग म्हणत नाहीत. पहिलं ऑइल पाचशेच्या आतच काढा, आणि दोनशे किलोमीटरला, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, सगळे फाउंडेशन बोल्ट परत एकदा टॉर्क पान्यानं तपासा. माझा मागचा खालचा बोल्ट तेव्हा पण पाव फेरा फिरलाच.