४०७ च्या केबिनचा गंज घरीच काढला (माझा अनुभव)

वडिलांची ८८ सालची टाटा ४०७ (छोटा मालवाहू ट्रक), रत्नागिरीची खारी हवा, दाराखालचा पत्रा म्हणजे नुसती चाळण. आधी एका पेंटरने गंजावरच पुट्टी थापून रंग मारलेला, एका पावसाळ्यात फुगून पडला. मग म्हटलं आपणच करू. ग्राइंडरला वायर ब्रश लावून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला, जिथे आरपार गेला तेवढं कापून नवा पत्रा वेल्डिंग केला, पण सलग मारायचं नाही हां, लांब लांब टाके घालत जायचं नाहीतर पत्रा वाकतो (माझा एक दरवाजा वाकलाच) आणि बॅटरीची वायर आधी काढा. मग इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला ओल लागू न देणारा अस्तराचा रंग), त्यावर पुट्टी. गंजाचं खरं कारण शेवटी सापडलं, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजलेली, म्हणून पाणी आतच साचायचं.